खाऱ्या पाण्यात साबण

न्यूफाउंडलंडच्या उत्तरेला, जिथे रस्ता संपतो
आणि नुसता धक्का उरतो,
तिथे अझराया पेलीचं दाढीचं दुकान.
एक खुर्ची. एक आरसा, खालच्या कोपऱ्यातला पारा उडालेला.
खिडकीत अटलांटिक,
आणि रात्रीच्या वादळाने काचेवर आणून थापलेलं
पिवळट, थरथरतं काहीतरी.

मी म्हटलं, 'लॅदर फारच आलंय आज किनाऱ्यावर.'
बाकावरचे दोघे खो खो हसले.
'फोम,' पेली म्हणाला, वस्तरा न थांबवता.
'लॅदर हे,' आणि कान तुटलेला मग
माझ्या नाकाशी धरला.

इथल्या शाळेत गणित शिकवायला येऊन मला तिसरा महिना.
माझ्या भाषेत सगळा फेसच:
साबणाचा, लाटेचा, उतू जाणाऱ्या डाळीचा,
आणि तुमच्या नातवंडांना अपूर्णांक शिकवताना
माझ्या तोंडाला येतो, तोसुद्धा.
हे सांगितलं, तर परत हसले.

मग बीअरवर काय असतं, यावर दहा मिनिटं गेली.
निकाल लागला नाही.
'आणि घोड्याच्या अंगावर?'
'लॅदर,' म्हातारा एफ्रम म्हणाला.
त्याच्या बापाची घोडी बर्फातून लाकडं ओढायची,
मानेवर, पट्ट्याखाली, पांढरं साचायचं.
'पण तो घाम झाला. साबण कुठाय त्यात?'
'ओढलंय ना तिने,'
एफ्रम म्हणाला, आणि टोपी घालून निघाला.

पेलीचा ब्रश मगात फिरत होता.
'समुद्राच्या पाण्यात साबण घासून बघा एकदा.
हात भरून येतील, दुधासारखा नासेल नुसता.
तो स्वतः दिवसरात्र फेसाळतो,
दुसऱ्याला चिमूटभर देत नाही.'

माझ्या गालावर ब्रश टेकवून तो थांबला.

ओबेद, धाकटा भाऊ. होडी उलटली तो ऑक्टोबर.
दुसऱ्या दिवशी सापडला, खडकांच्या आतल्या बाजूला.
'ओठांवर फोम होता. बारीक, पांढरा.
पुसला की परत यायचा.
पुसला की परत.
आई म्हणाली, राहू दे आता.'

त्याने चूल पेटवली.
विहिरीचं पाणी तापवलं, गोडं.
ओबेदला आता चटका बसणार नव्हता,
तरी आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं.
ब्रश हाच. मगही हाच, तेव्हा कान शाबूत होता.
'किती वेळ घोटत बसलो, देव जाणे.
तेवढं दाट मला पुन्हा कधी जमलं नाही.'

मग माझी हनुवटी वर केली.
मला काही बोलायची सोय नव्हती,
गळ्यावर वस्तरा होता.

खोलीकडे परतताना धक्क्यावरून फेसाचे गोळे
वाऱ्याबरोबर घरंगळत आले, बुटांना चिकटले,
मी झटकायच्या आत विरले.
आणि तिथे, मधोमध, थंडीने कान बधिर झालेले असताना
लक्षात आलं: आपल्याकडेही फरक आहे की!
नाम एकच ठेवलंय, फरक क्रियापदाच्या खिशात.
फेस येतो.
फेस काढावा लागतो.

शनिवारी हे सांगायला मुद्दाम गेलो,
दाढी वाढलेली नसताना.
एफ्रमने विचारलं, 'क्रियापद म्हणजे काय?'
मी शिक्षकासारखा घसा खाकरला.
माझ्या आधीच पेली म्हणाला,
'तुझ्या बापाची घोडी.'
आणि मगात कोमट पाणी ओतलं.